पुलापलीकडचा मुलूख

आमचे मामा राहायचे एका राज्यात आणि जगायचे दुसऱ्यात. नीरा नदीच्या अलीकडं आमचं भोर संस्थान आणि पलीकडं खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. मामांचं घर, शेत, गोठा सगळं अलीकडं, सारोळ्याजवळच्या एका वाडीत. पण त्यांचं चित्त कायम पुलापलीकडं. तिकडची माती काळी, तिकडची म्हैस दुधाळ, तिकडचा न्हावी हलक्या हाताचा. दाढी करायलासुद्धा ते पूल ओलांडून जायचे आणि गाल कापून घेऊन परत यायचे. मामी विचारायच्या, हे काय झालं? मामा म्हणायचे की वस्तरा नवा होता, धार चांगली होती, इकडच्यासारखा बोथट नव्हता. पुलाच्या मध्यावर आले की ते हटकून थांबायचे, पागोटं काढून डोकं मोकळं करायचे आणि एक लांब श्वास घ्यायचे. बरोबरच्यालाही घ्यायला लावायचे. मी लहानपणी तो श्वास कितीदा तरी घेतला असेल. मला दोन्हीकडं शेणाचा आणि ओल्या वाळूचा एकच वास यायचा, पण तसं सांगायची माझी छाती नव्हती.

तुलनेचा हा नाद साधासुधा नव्हता, त्याला प्रयोगाची जोड असायची. एकदा त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन बैलगाडी हाकली. संस्थानातला रस्ता आणि खालशातला रस्ता यांत कुठं पाणी जास्त सांडतं ते बघायचं होतं. वाडीतून निघून हमरस्त्याला लागेपर्यंत मामांचं धोतर भिजून चिंब झालं. पूल ओलांडल्यावर मात्र त्यांनी बैलांना असं काही गोंजारत, चुचकारत चालवलं की लग्नाच्या वरातीतही इतक्या हळू कुणी गाडी नेत नाही. पाणी सांडलं नाही. मामांनी विजयी मुद्रेनं तांब्या वर धरून मला दाखवला. दुसऱ्या वेळी त्यांनी नसरापूरच्या बाजारातून मिरची आणि बेसन आणलं, तसंच पलीकडच्या बाजारातूनही आणलं आणि मामींना दोन निरनिराळी पिठली करायला सांगितली. मामी शेतावरून दमून आलेल्या. त्यांनी एकच पिठलं केलं, दोन भांड्यांत काढलं आणि मला नजरेनंच गप्प राहायला सांगितलं. मामांनी डोळे मिटून दोन्ही चाखली. उजव्या हाताच्या भांड्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हे पलीकडचं. जिभंला लगीच कळतं." त्यांची मुलगी हौसा इतकी हसली की तिला ठसका लागला.

वाडीतले लोक पारावर त्यांची थट्टा करायचे. इतकं आवडतं तर तिकडंच राहायला जा की, असं कुणी म्हणालं की मामा विषय बदलायचे. जायचं तर त्यांना होतंच. मामा मूळचे आमच्याच बाजूचे, वेल्ह्याच्या डोंगरातले. माझ्या आईचं माहेरही तेच. हौसाच्या आधी त्यांना एक मुलगा होता. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला. दवाखाना भोरला होता, पण आमच्या खोऱ्यातून तिथवर जायचं म्हणजे वाटेत ओढे, खिंडी आणि निसरडे उतार. घोंगडीची झोळी करून मामा आणि दोघं भावकीतले निघाले. वाटेतला ओढा उतरायची वाट बघत ते काठावर बसून राहिले आणि तिथंच झोळीतलं पोर गेलं. एवढंच मला ठाऊक आहे, कारण मामा यापुढं कधी बोलले नाहीत. त्या साली त्यांनी डोंगरातली जमीन विकली. जिथं पायाखाली सडक आहे आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर आहे अशा मुलखात जायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. पण डोंगरातल्या वरकस, हलक्या जमिनीच्या बदल्यात पलीकडची काळी जमीन येईना. हाती आली ती नीरेच्या अलीकडच्या काठाची. असे मामा आयुष्यभर एक नदी अलीकडंच राहिले.

हौसा माझ्या बरोबरीची. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, हे आमच्याकडं न बोलता ठरलेलं असतं. उन्हाळ्यात मी त्यांच्याकडं राहायला जायचो तेव्हा वाडीतल्या बायका आम्हा दोघांकडं बघून पदराआड हसायच्या. मला ते आवडायचं. हौसाला आवडायचं की नाही ते मी कधी विचारलं नाही, पण मी निघायच्या दिवशी ती माझ्या शिदोरीत लसणाची चटणी जास्तीची बांधायची. आमची लग्नाची वयं झाली तशी माझी आई खण-नारळ घेऊन भावाच्या दारात गेली. मामांनी बहिणीचं फार अगत्य केलं. पुरणाचं जेवण घातलं, नवं लुगडं दिलं, आणि मग नारळ तिच्याच ओटीत परत घातला.

"काशे," ते म्हणाले, "पोरगं माझंच हाय. त्याच्यात काडीचं उणं न्हाई. पर त्याच्या गावाला म्या पोरगी देनार न्हाई. तुजं गाव डोंगरातनं खाली आन, उद्या देतो."

आईनं ते लुगडं तिथंच दांडीवर टाकलं आणि ती चालत निघाली. पुढं कितीतरी दिवस तिनं भावाचं नाव घेतलं नाही. मला वाईट वाटलं, पण मामांचा राग आला नाही. झोळीची गोष्ट मला ठाऊक होती.

मग मामांनी पलीकडं स्थळं बघायला सुरुवात केली. एरवी मुलीचा बाप कुळी विचारतो, जमीन विचारतो. मामा आधी विचारायचे, दवाखाना किती लांब? पुलापलीकडच्याच एका बाजारच्या गावातलं स्थळ बघून ते आले तेव्हा मी तिथंच होतो. चेहरा नुसता फुलला होता. सरकारी दवाखाना त्या घराच्या ओट्यावरून दिसतो, भिंती चुन्यानं पांढऱ्या केल्यात, आत फळीवर बाटल्या ओळीनं मांडल्यात, कंपाउंडर शिकलेला आहे, डॉक्टर तरुण आहे आणि रोग्याशी हळू बोलतो, असं किती वेळ सांगत राहिले. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन नवरा?"

मामा जरा गोंधळले. म्हणाले, "हुता की तितंच, वट्यावर."

नवरा निघाला भला माणूस. अबोल, कष्टाळू, घरची माणसंही मायाळू. लग्नात मी पंगतीला ताक वाढलं. सासरी निघताना हौसा सगळ्यांच्या पाया पडून माझ्यापाशी आली. डोळे रडून लाल झाले होते, तरी हसली. म्हणाली, "आबा म्हनत्यात, तिकडचं ऊनबी गार लागतं. बगते आता." ती गाडीत बसली. मामा पुलापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. परतल्यावर दमून बसले, पण त्या दिवशी ते जितके निवांत दिसले तितके मी त्यांना आधी किंवा नंतर कधी पाहिलं नाही. वर्षभरात माझंही लग्न झालं, आमच्याच खोऱ्यातल्या मुलीशी.

हौसा तिकडं सुखात होती. पुढं एका भाद्रपदात तिला ताप आला. सासरच्यांनी हयगय केली नाही, पहिल्याच दिवशी दवाखान्यात दाखवलं. मुदतीचा ताप, विषमज्वर होता. डॉक्टर रोज घरी यायचे, सकाळी एकदा आणि दिवेलागणीला एकदा. औषध होतं, बर्फसुद्धा पुण्याहून मोटारीनं मागवला होता, भुशात गुंडाळून. मामा-मामी तिच्या उशाशी बसून होते. निरोप मिळाला तसे मी आणि आई डोंगर उतरून गेलो. आईनं भावाशी धरलेला अबोला त्या ओट्यावर संपला. आम्ही पोचलो त्याच दुपारी हौसा गेली. डॉक्टर बाहेर आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. त्यांच्या मागं रस्त्यापलीकडं दवाखान्याची पांढरी भिंत उन्हात चमकत होती. मामा त्या भिंतीकडं बघत बसले होते.

लोकांना वाटलं, आता मामा त्या मुलखाला शिव्या देतील. त्यांनी दिल्या नाहीत. दोष कुणाला द्यायचा, सगळ्यांनी सगळं केलं होतं. पारावर कुणीतरी, बहुधा वाईट हेतूनं नव्हे, म्हणून गेलं की काय हो, पलीकडंबी माणसं मरत्यातच की. मामा "मरत्यात" एवढंच बोलले आणि उठून घरी आले. त्यांची तुलना मात्र थांबली. दाढी घरीच करू लागले. मामी मुद्दाम सांगायच्या की हा गूळ तिकडच्या बाजारचा आहे, चाखून बघा. मामा म्हणायचे, गूळ गोड आहे. मामींना त्या उत्तराचं फार दुःख व्हायचं. ज्या नादापायी त्यांनी आयुष्यभर कपाळावर हात मारला होता, तो परत यावा म्हणून त्या आता नवस बोलत होत्या.

दुसऱ्या वर्षी माझ्या बायकोला दिवस गेले. सातवा सरत आला असेल, एका सकाळी आमच्या गावाखालच्या माळावर मामांची बैलगाडी दिसली. गाडी त्याच्या वर येत नाही. मामा काठी टेकत चढ चढून घरी आले, पाणी प्याले आणि आईला म्हणाले की सून माझ्याकडं बाळंतपणाला पाठव, माझ्या घरून पूल ओलांडला की दवाखाना आहे. आई त्यांच्याकडं बघतच राहिली. माझ्या बायकोचं माहेर होतं, गावात जाणती सुईण होती. आणि मुख्य म्हणजे, त्या दवाखान्याचं नाव हा माणूस अजून कसं घेतो, तेच तिला कळेना. ती शेवटी बोलून गेली, "दादा, आपली हौसा तितंच गेली न्हवं?"

मामा काठीच्या टोकानं जमीन उकरू लागले.

"गेली," ते म्हणाले. "पर ती गेली म्हनून दवाखाना खोटा ठरत न्हाई, काशे."

आईनं आत जाऊन सुनेचं गाठोडं बांधलं.

बाळंतपण अवघड निघालं. कळा देऊन बायको थकली, वाडीतली सुईण घाबरली. मामा स्वतः पूल ओलांडून डॉक्टरांना आणायला गेले, मी त्यांच्या मागं पळत होतो. डॉक्टर पायरीवरच होते. हौसाच्या उशाशी बसलेल्या बापाला त्यांनी लगेच ओळखलं. मग मामा म्हणाले, "साहेब, पोर अडलीया." डॉक्टरांनी आत जाऊन पेटी घेतली आणि चप्पल नीट न घालताच निघाले. माझी मुलगी झाली. बायको वाचली. आईच्या मनात पोरीचं नाव हौसा ठेवायचं होतं, पण मामांनी ठेवू दिलं नाही. हिला हिचं नाव असू दे, म्हणाले.

पुढं इंग्रज गेले आणि संस्थानही विलीन झालं. वाडीत साखर वाटली. मी मुलीला घेऊन मामांकडं गेलो होतो. ते आता फार थकले होते, नजर गेल्यात जमा होती. मी त्यांना सांगितलं, की मामा, आता अलीकडं आणि पलीकडं असं काही राहिलं नाही, दोन्हीकडं सगळं सारखं होणार. आमच्या खोऱ्यातही सडक येणार म्हणतात, दवाखाना येणार म्हणतात. मामांनी नीट ऐकून घेतलं. विचारलं, सारखं म्हणजे चांगलं सारखं, की वाईट सारखं? मी हसलो. तेही हसले, कितीतरी वर्षांनी.

मग मुलगी अंगणात खेळायला गेली आणि आम्ही दोघंच उरलो. मामांनी चाचपडत माझा हात धरला.

"येक इचारू का? तुला दिली आसती, तर जगली आसती का रं?"

इतकी वर्षं त्यांनी रस्ते तोलले, बाजार तोलले, दोन मुलखांतली हवा तोलली. हे एक त्यांना एकट्याला तोलता आलं नव्हतं. हौसा गेली त्या साली आमच्या गावात तो ताप आलाच नव्हता, हे मला ठाऊक होतं.

"न्हाई, मामा," मी म्हणालो. "आमच्याकडं तर तिला औषधाचा थेंबसुदिक मिळाला नसता."

माझा हात न सोडता ते म्हणाले, "तसंच आसंल." आणि अंगणातून मुलीचा आवाज येत होता तिकडं त्यांनी तोंड वळवलं.