रडीन तं बायको म्हणून

सिनेमा मीच निवडला होता. एका तरुण फौजीची प्रेमकथा आहे, एवढंच पोस्टरवरून कळलं होतं. माझ्यासोबत येणारा फौजीच होता, म्हटलं त्याला आवडेल. चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये दुपारचा शो. बाहेर मे महिन्याचं ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, त्यामुळे अर्धे लोक सिनेमासाठी आणि अर्धे गारव्यासाठी आत आले असावेत.

आमची ओळख चंद्रपूरच्याच एका अभ्यासिकेतली. मी नर्सिंगचा अभ्यास करायची, तो सैन्यभरतीची लेखी परीक्षा घोकायचा. तो चिमूरकडच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा, मी कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यातल्या कामगाराची मुलगी. आम्ही बौद्ध, ते हिंदू. अभ्यासिकेत हे कोणी विचारत नव्हतं. अभ्यासिकेबाहेर लोक सगळ्यात आधी तेच विचारायचे. तो भरती झाला, मी नर्स झाले, फोन चालू राहिले. त्या मे महिन्यात तो सुट्टीवर आला होता आणि माझ्या हातात जंगलातल्या भामरागडच्या आरोग्य केंद्रातल्या नोकरीची ऑर्डर होती.

त्या दिवशी तो सकाळपासून वाकडा बोलत होता. बसस्टँडवर भेटल्या भेटल्या म्हणाला, "रोज रोज फोन काऊन करते? मले कामं राह्यते तिकडं."

मी हसण्यावारी नेलं. थोड्या वेळानं परत, "आपलं जमन असं मले वाटत नाई."

मला वाटलं, याच्या आईनं कान भरले. भांडायचं तर सिनेमानंतर भांडू, तिकिटं काढलेली आहेत, असा मी विचार केला आणि आत जाऊन बसले.

सिनेमातला फौजी सुट्टीत डोंगरातल्या एका गावी येतो. तिथल्या शाळेत गाणं शिकवणारी मुलगी त्याला भेटते. पाऊस, छत्री, नदीकाठची गाणी, सगळं होतं. मग लढाईचं बोलावणं येतं. तो तिला ते सांगत नाही. उलट मुद्दाम भांडण उकरून काढतो, तुझं माझं जमणार नाही म्हणतो, तिनं विणलेला मफलर तिच्याच अंगावर फेकतो. म्हणजे तो मेला तर तिला फार दुःख होऊ नये, तिनं दुसऱ्याशी लग्न करावं. तो पाठ फिरवून बसमध्ये चढतो आणि व्हायोलिन वाजायला लागतं.

हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. माझ्या मागची एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती मोठं मन आहे पोराचं."

 पडद्यावरचा तो जे बोलला होता, ते तर मी सकाळी बसस्टँडवर ऐकलं होतं. जवळजवळ त्याच शब्दांत. मी वळून पाहिलं. हा शेजारी बसून रडत होता, गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही भान नव्हतं.

मी त्याचं मनगट धरलं. "तुले परत बोलावलं का?"

त्यानं तोंड परत पडद्याकडे वळवलं.

"चाल बाहेर."

"सिनेमा तं होऊ दे."

"सिनेमात काय होते ते मले समजलं. चाल."

टॉकीजच्या बाजूला लिंबू सरबताची गाडी होती, तिच्या छत्रीखाली आम्ही उभे राहिलो. सीमेवरच्या बातम्या तेव्हा रोजच येत होत्या. सुट्टी रद्द झाल्याचा फोन त्याला आदल्या दिवशीच आला होता.

"कवा जायचं हाये?"

"परवा. बल्लारशावरून गाडी हाये."

"अन् मले कवा सांगनार होता?"

"सांगनारच नव्हतो. काई झालं तं तू मोकळी राहशीन, असं मनात होतं."

रागानं माझा आवाज इतका चढला की सरबतवाला हातातलं लिंबू तसंच धरून आमच्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "माह्यं भलं तू एकटाच ठरवून राह्यला? मले विचारलं का?"

"मेलो तं?"

"मेला तं मी रडीन. पण रडीन तं बायको म्हणून. कोनीच लागत नसलेली म्हणून नाई."

 त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे उद्या लगन."

तिथूनच आम्ही कोरपन्याची बस धरली.  गडचांदूर गेल्यावर तो म्हणाला, "तुह्ये बाबा मले हाकलतीन." मी म्हटलं, हाकललं तर दाराबाहेर उभं राहायचं, सवय आहे तुला पहाऱ्याची.

बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. भुवयांवर सिमेंटची धूळ तशीच होती. त्यांनी त्याला आधी पाहिलेलं नव्हतं, पण कोण असेल हे ओळखलं. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. ते बराच वेळ पायातले बूट सोडत बसले.

मग त्याला म्हणाले, "बेटा, तू पोरगा चांगला दिसतो. पण तुह्या घरी माह्या पोरीले कोनी आपलं म्हननार हाये का? तू तिकडं बॉर्डरवर. हिनं इकडं कोनाच्या तोंडाकडं पाहाचं?"

त्याच्याआधी मीच बोलले. "बाबा, मी कोनाच्याच तोंडाकडं पाहाची नाई. मले नोकरी हाये. भामरागडले जाऊन राह्यली मी."

"अन् याले काई झालं तं?"

"लगन नाई केलं तं होनार नाई का ते?"

 बाबा आईकडे बघायला लागले. आई चुलीशी पोळ्या करत होती, मान वर न करता तिनं विचारलं, "पांढरी साडी हाये का तुह्याकडं, का माही देऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या विहारात लग्न झालं. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, त्रिशरण, पंचशील, आणि वस्तीतली बोलावली न बोलावली सगळी माणसं. त्याच्याकडून एकटी मोठी बहीण आली. ती राजुऱ्याला दिलेली होती, भावाचा फोन गेल्यावर पहिल्या बसनं निघाली होती. विहाराच्या दारात तिनं मला पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"पांढरी? अवं, तो लढाईले चालला अन् तू पांढरी नेसून उभी?"

"आमच्यात नवरी पांढरीच नेसते, ताई."

तिच्या पिशवीत हिरवी साडी होती. ती नेस म्हणून तिनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते, ती वाईट बाई नव्हती, खरंच घाबरली होती. मी म्हटलं, ही साडी मी उद्या स्टेशनवर नेसते, पण लग्न याच साडीत होईल. माझ्या आईनं, मावशीनं, सगळ्यांनी पांढऱ्या साडीतच लग्न केलं आणि सगळ्यांचे नवरे म्हातारे होऊन खोकत बसले आहेत. ती रडता रडता हसली आणि आत येऊन बसली.

त्याच्या आईला तिनंच फोनवर कळवलं. तिकडून आलेलं बोलणं मला शेजारी उभं राहून ऐकू आलं. "माह्या पोराले काई झालं तं त्या पोरीचं तोंड पाहनार नाई मी." तोंड तर तिनं अजूनही पाहिलेलं नव्हतं.

हिरवी साडी नेसून मी त्याला बल्लारशावरून गाडीत बसवलं आणि आठवड्याभरात भामरागडला रुजू झाले. सगळ्यांचं म्हणणं होतं की अशा वेळी नव्या नवरीनं जंगलात जाऊ नये. आईबापाजवळ राहावं, टीव्हीसमोर बसावं. टीव्हीवर दिवसभर तोफा वाजत होत्या. मी तिथं बसून काय केलं असतं?

भामरागडला फोनची रेंज लहरीप्रमाणे यायची. त्याचा फोन लागत नव्हता. तिथं माझ्या वरच्या एक जुन्या सिस्टर होत्या, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या सकाळी मला बघायच्या, काही न विचारता कामाला लावायच्या. गोळ्या मोज, पट्ट्या उकळ, त्या बाईचं बीपी घे. मी रात्री झोपत नव्हते, हे खरं आहे. पण दिवसा गोळ्यांचा हिशोब एकदाही चुकला नाही.

एक दिवस आतल्या गावाहून एका बाळंतिणीला खाटेवर घालून आणलं. माडिया आदिवासी बाई, पहिलंच बाळंतपण, आणि बाळ पायाळू. बाहेर पाठवायला वेळ नव्हता. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी झगडून बाळ सुखरूप बाहेर काढलं. तिची म्हातारी आई कोपऱ्यात बसली होती. ती माझ्याकडे बघत मोठ्या बाईंशी गोंडीत काहीतरी बोलली.

"तुहा नवरा कुठी हाये विचारते," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लढाईवर, म्हनावं."

म्हातारीनं विचारलं, कोणाशी लढाई? मोठ्या बाईंनी समजवायचा प्रयत्न केला, पण देशाचं नाव तिच्या ओळखीचं नव्हतं.  मग माझ्याकडे पाहून अजून एक प्रश्न तिनं केला.

"जेवलीस का विचारते."

मी सकाळपासून जेवले नव्हते. म्हातारीनं आपल्या फडक्यातला भात माझ्यापुढे ठेवला. त्या दिवशी मी पोटभर खाल्लं, खूप दिवसांनी.

तोफा थांबल्याची बातमी आधी आली, त्याचा फोन नंतर. जवळच गोळा फुटला होता. बाकी शरीर धड होतं, पण उजव्या कानानं ऐकू येणं बंद झालं होतं. "मोठ्यानं बोल," तो ओरडत होता, "उजव्या कानानं ऐकू येत नाई!"

"आधीबी कुठी ऐकत होता?" मीही ओरडले. मग आरोग्य केंद्राच्या मागे जाऊन मनसोक्त रडले. बायको म्हणूनच.

त्याला सुट्टी मिळाली ती भर पावसाळ्यात. तो माझ्याकडे यायला निघाला आणि भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर आला. पूल पाण्याखाली, रस्ता बंद. मी काठावर गेले तेव्हा पलीकडच्या माणसांत तो मला दिसला, रेनकोट घातलेला, पाठीवर फौजी पिशवी. तो हात वर करून काही ओरडत होता. पाण्याच्या आवाजात मला काही कळत नव्हतं आणि मी ओरडलेलं त्याला कळणं तर शक्यच नव्हतं. पूर उतरेपर्यंत तो पलीकडच्या गावात एका घरी राहिला. बायकोची वाट बघत बसलेला फौजी म्हणून लोक त्याची थट्टा करायचे आणि वाढायचेही. मी रोज ड्युटी संपली की काठावर जायचे, हात हलवायचे आणि परत यायचे.

पाणी उतरल्यावर मी सुट्टी टाकली आणि आम्ही त्याच्या गावी गेलो. दारात सासूनं त्याला ओवाळलं. मला म्हणाली, "तू बस तिथी." म्हणजे ओसरीवर. जेवायला वाढलं तेही ओसरीवर. त्यानं आपलं ताट उचललं आणि माझ्या शेजारी येऊन बसला. तरी मला आत कोणी बोलावलं नाही. असं दोन दिवस चाललं.

तिसऱ्या दिवशी पंधरा ऑगस्ट. चिमूरच्या बाजूला त्या दिवशीचं भाषण तिथल्याच बेचाळीसच्या लढ्यापासून सुरू होतं, तसंच ते झालं. मग सरपंचांनी सत्कार पुकारला. आधी त्याचा, मग माझा. सीमेवरच्या जवानाची वाट बघत घरी दिवा लावून बसलेली माउली, असं काहीतरी माझ्याबद्दल म्हणाले. साडी आणि नारळ पुढे आला.

मी माइक मागितला. "सरपंच भाऊ, मी दिवा लावून बसली नव्हती. मी भामरागडले बाळंतपनं करून राह्यली होती. अन् ही साडी मी घेत नाई. या गावात दोन दिवसांपासून मी ओसरीवर जेवून राह्यली. मान द्याचा हाये तं आधी घरात द्या."

शाळेच्या पटांगणात सरपंच साडी-नारळ हातात धरून उभे राहिले. माझा नवरा पुढच्या रांगेत बसला होता आणि माइक त्याच्या उजव्या बाजूला होता. त्यानं शेजारी बसलेल्या बापाला सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय म्हनली ती?"

सासरे मान खाली घालून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा न, बाबा!"

"ओसरीवर जेवते म्हनते," सासरे शेवटी मोठ्यानं म्हणाले.

"मंग खरंच हाये नं ते," तो म्हणाला.

सासू उठून निघून गेली. झेंडावंदनाचा चिवडा वाटायच्या आधीच मुलं पांगली. त्यानंतर पंचायतीनं मला कधी बोलावलं नाही, आणि त्या मुक्कामात सासू माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पण संध्याकाळी सासऱ्यांनी आपल्या हातानं माझा पाट आत मांडला.

कानामुळे त्याला आता कार्यालयातलं काम दिलं आहे, तरी तो तिकडे पलटणीतच असतो. मी वर्षातून दोनदा त्याच्या गावी जाते, तो नसला तरी. बोलावलं नसलं तरी. पायातली चप्पल काढते आणि सरळ स्वयंपाकघरात शिरते. सुरुवातीला मी आत शिरले की सासू मागच्या दारानं बाहेर जायची आणि माझ्या हातचं न खाता राहायची. नंतर नंतर ती दारातच बसून तांदूळ निवडायला लागली, पाठ माझ्याकडे करून. मी माझं काम करते. भाजी करते, वाढते, ताट तिच्यापुढे ठेवते आणि तिनं खाल्लं की नाही ते बघायला थांबत नाही.

मागच्या खेपेला मी अंगणात भांडी घासत होते. आतून सासूचा आवाज आला, "भाजीत मीठ कमी पडलं."

माझा हात राखेतच थांबला. मग मी तिकडूनच म्हटलं, "मंग घ्या न, आई. तुमच्या हाताशीच हाये."