कोरडे तांदूळ

"चाव," मालक म्हणाला. "भैरोबाचा तांदूळ हाय. चोराच्या तोंडात भिजत न्हाई."

माझ्या हातात कच्च्या तांदळाची मूठ. देवापुढं ठेवलेले, हळद लागलेले. मुळशीत आमच्याकडं चोर असाच शोधायचे. ज्यांच्यावर संशय असेल त्यांनी तांदूळ चावायचे आणि पळसाच्या पानावर थुंकायचे. ज्याचे ओले निघाले तो सुटला. ज्याचे कोरडे निघाले तो चोर.

मालकिणीची बोरमाळ हरवली होती. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आम्ही कातकरी. आई मालकाच्या भातकापणीला जायची, मी त्यांचं अंगण झाडायची. दहा-अकरा वर्षांची असेन.

मालक आसूड घेऊन वाकून माझ्या तोंडात बघत होता. मी चावत होते, चावत होते. जीभ टाळूला चिकटली. पानावर पांढरं पीठ पडलं, त्यात हिरड्यांचं रक्त.

"घावली," मालक म्हणाला.

मला मारलं ते आईनं. "कुटं ठिवलीस? बोल की!" तिचे तांदूळ ओले निघाले होते. देव खोटं सांगत नाही, म्हणजे पोरच खोटी. ती मनापासून तसं मानत होती. मालकिणीनं ते थुंकलेलं पीठ माझ्या कपाळाला फासायला लावलं आणि तशीच वस्तीपर्यंत चालवली.

बोरमाळ कुणी नेली, मला आजही माहीत नाही. मी मात्र चोर झाले. भाताच्या मुलखात राहून मला भात गिळता येईना. कुणाच्या चुलीवर आंबेमोहर शिजू लागला की मी उठून बाहेर जायची. आई म्हणायची, "पाप हाय त्ये, खाऊ देत न्हाई." मलाही हळूहळू तेच खरं वाटू लागलं. घेतली असेल मीच, आणि विसरले असेन.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी पिरंगुटच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. एकदा सुपरवायझरचं घड्याळ सापडेना. त्यानं आम्हा बायकांना गेटवर उभं केलं. माझ्यापाशी आला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. साधं 'नाही' म्हणता येईना.

"बघा, हिचं तोंडच सांगतंय," तो म्हणाला.

घड्याळ त्याच्याच टेबलाखाली निघालं. तोवर मी तिथंच कोसळले होते.

कारखान्यात तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला पुण्याला त्यांच्या दवाखान्यात बोलावलं, तांदळाची सगळी हकीगत ऐकून घेतली. म्हणाल्या, "अशी जुनी भीती उतरवायची एक पद्धत परदेशात नुकतीच निघाली आहे. मीही शिकतेच आहे. नको वाटलं तर हात वर करा, लगेच थांबू." नको म्हणता येतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्या समोर बसल्या. दोन बोटं माझ्या डोळ्यांपुढून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेऊ लागल्या. मान न हलवता डोळ्यांनी बोटांमागं जायचं आणि मनात ते अंगण धरायचं. मध्येच थांबून विचारायच्या, "आता काय दिसतंय?" जे दिसेल ते सांगायचं. बरोबर-चूक काही नाही.

पहिल्यांदा फक्त मालकाचे डोळे दिसले. मी हात वर केला. त्या थांबल्या.

पुढच्या खेपांना मी टिकले. बाई सांगायच्या, काही आठवणी जुन्या होत नाहीत, जागच्या जागी अडकून बसतात. डोळे असे फिरताना त्या सरकू लागतात. का, ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही. मला एवढंच कळत होतं की अंगण मोठं होत चाललंय. आसुडाच्या पलीकडं दिसू लागलं. डावीकडं रांग होती. आई, मी, आमच्याच वस्तीतल्या बाया. उजवीकडं ओसरी. ओसरीवर मालकाचे भाऊ, लेक, सून, पाहुणे. सगळे घरात वावरणारे. पान त्यांच्यापुढं नव्हतं. त्यांच्यातल्या एकाच्याही हातात तांदूळ दिला नव्हता.

मी ओरडलेच, "बाई, रांगेत फकस्त आमीच हुतो!"

संतापले होते आणि तोंडात पाणी होतं. भीतीनं तोंड कोरडं पडतं. कुणाचंही पडतं. चोर म्हणून नाही, पोर म्हणून माझे तांदूळ कोरडे निघाले होते.

अंगण पुसलं गेलं नाही. आजही आठवतं. पण आता ते जुनं झालंय, आणि मी त्याच्या बाहेर उभी आहे.

त्याच वर्षी वस्तीवरून सांगावा आला. मालकाकडं चांदीचा करंडा हरवलाय, माझ्या भाचीला तांदूळ चावायला बोलावलंय. मी गेले. तेच अंगण. तीच पळसाची पानं. मालक पिकला होता, आवाज तोच. भाचीच्या मुठीत तांदूळ, ओठ पांढरे.

म्हातारी आई रांगेतून म्हणाली, "चावू दे गं तिला. खरी आसंल तर भिजतील."

आईची तेव्हाची थप्पड पुन्हा गालावर बसल्यासारखं वाटलं. तरी मी भाचीच्या मुठीतले तांदूळ काढून घेतले आणि ओसरीवर, मालकासमोर ठेवले.

"आदी तुमी चावा. मंग तुमची लेकरं. समद्यांच्या म्होरं."

मालकाचा हात आसूड शोधू लागला. मी डोळे खाली घातले नाहीत.

"आमचं मजुरीचं काम बंद हुईल," आई रडू लागली. त्या दिवशी तांदूळ कुणीच चावले नाहीत, आणि काम बंद झालंही. वस्तीतल्या काहींनी मला अजून माफ केलेलं नाही, आईनंही नाही.

नको करू देत. मालक, पोलीस आणा, झडती घ्या, तुमच्या घरापासून घ्या. पण आमच्या एकाही पोरीच्या तोंडात तुमचा तांदूळ पुन्हा जाणार नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही.