कातळ गुरुजींचं कार्ड

भूगोलाचा तास सुरू झाला की कातळ गुरुजी आधी उजव्या पायातली वहाण काढायचे आणि टाच जमिनीवर दाणकन आपटायचे. मग वर्गाकडे बघून विचारायचे, "हलली?" आम्ही सगळी एका सुरात, "नाही गुरुजी." "हलणारही नाही. सह्याद्रीच्या कातळावर बसलाय तुम्ही. भूकंप व्हायचा तो तिकडे हिमालयात, जपानात. लिहून घ्या. शाईनं." पेन्सिलीनं लिहिणाऱ्याला ते उभं करायचे. पेन्सिल म्हणजे मनात शंका, आणि शंका असेल तर लिहूच नये, असं त्यांचं म्हणणं. कातळ हे नाव आम्हीच ठेवलेलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

पृथ्वीचं पोट त्यांनी आम्हाला कैरीतून दाखवलं. घरून विळी आणली, कैरी मधोमध चिरली. साल म्हणजे भूकवच, गर म्हणजे प्रावरण, कोय म्हणजे गाभा. "या एवढ्याशा सालीवर आपण राहतो आणि मिजास केवढी करतो बघा." तास संपल्यावर आम्ही ते प्रावरण तिखटमीठ लावून खाल्लं. सहामाहीत एकानं 'प्रावरण आंबट असते' असं लिहिलं, तेव्हा गुरुजींनी त्याला अर्धा गुण दिला. म्हणाले, अनुभवाचं उत्तर आहे, शून्य कसं देऊ?

वर्षातून एकदा ते वर्ग घेऊन कुसगावच्या अंगाला दगडाच्या खाणीवर जायचे. कापलेल्या डोंगराकडे बोट करून म्हणायचे, "हा सगळा मावळ एकदा पिठल्यासारखा रटरटत होता. डोंगराला तोंड फुटलं नव्हतं, जमीनच लांबलचक फाटली आणि रस पसरला. एक थर निवला, त्यावर दुसरा. असे किती बसलेत, मोजा. यांना कोण हलवणार?" दगडाच्या पोकळीत पांढरे लखलखीत खडे सापडायचे. सर्वांत चांगला खडा ज्याला उत्तर येई त्याला मिळायचा. माझ्या थोरल्या बहिणीकडे, सुमनताईकडे, असे पाच होते. माझ्याकडे एकही नव्हता, हे आजही थोडं सलतं.

ताई सातवी पास झाली आणि तिचं लग्न झालं. नवरा कोयनेच्या धरणावर मिस्त्री. मूल झालं त्या पावसाळ्यात तिचं पत्र आलं. मी ते आमच्या वडिलांना, आबांना, वाचून दाखवलं, कारण आबा रेल्वेत गँगमन होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. ताईनं लिहिलं होतं की इकडे अधूनमधून फळीवरची भांडी आपोआप वाजतात, जमीन गुरगुरते, बाळाला घेऊन माहेरी येऊ का? आबांनी पत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाले, "गुरुजींना इचार. दगडातलं त्यास्नी कळतं."

गुरुजींनी पत्र दोनदा वाचलं आणि तिथल्या तिथे कार्ड घेऊन उत्तर लिहिलं. शाईनं. 'चि. सुमन, सह्याद्रीचा कातळ जगात सर्वांत भक्कम आहे. तू हे माझ्याच वर्गात शिकली आहेस. भिण्याचे कारण नाही. निर्धास्त राहा.' ते कार्ड मीच पेटीत टाकलं. आबा म्हणाले, "गुरुजी म्हंत्यात तर ऱ्हाऊ दे तिकडं."

डिसेंबरातल्या एका पहाटे आमच्या फळीवरची भांडी वाजली. आबा अंथरुणात उठून बसले आणि सदरा चढवू लागले. सकाळी स्टेशनवरच्या रेडिओवरून कळलं की कोयनेकडे घरंच्या घरं पडली आहेत. आबा मिळेल त्या गाडीनं निघाले.

त्यानंतर तीन दिवस गुरुजी शाळा सुटली की आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. चहा दिला तर घ्यायचे नाहीत. आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. मीही नाही. आता सांगायला हरकत नाही, मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि ते कार्ड मी पेटीत टाकलं म्हणून स्वतःचाही.

चौथ्या दिवशी आबा ताईला आणि बाळाला घेऊन आले. गुरुजी उभे राहिले. "माझं कार्ड पोचलं होतं?" आबांनी ताईला डोळ्यांनी खुणावलं, पण खोटं बोलायला ती गुरुजींच्या वर्गात शिकलीच नव्हती. म्हणाली, "पोचलं होतं. सासूबाईंनी वाचून घेतलं. म्हणाल्या, गुरुजींना कातळाचं कळतंय, आपल्याला आपल्या भांड्यांचं. वाजत्यात ना, मग लेकरू घिऊन तू भाईरच निजायचं. म्हणून आमी दोघं नवराबायको न् बाळ अंगणात होतो." गुरुजींनी विचारलं, "आणि त्या?" ताई खाली बघत म्हणाली, "थंडीनं त्यांचा खोकला लय वाढला होता. त्या रात्री म्हणाल्या, मी म्हातारी पडते आत, गुरुजींनी लिव्हलंय ना भ्यायचं न्हाई म्हणून. भिंत त्यांच्यावरच आली. कार्ड त्याच भिंतीला खिळ्यावर होतं."

गुरुजी वहाणा तिथेच विसरून घरी गेले. संध्याकाळी मी त्या नेऊन दिल्या. माझा राग कुठे गेला होता कोण जाणे. मला नुसतं रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले, वहाण काढली नाही. म्हणाले, "वह्या काढा. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ते वाक्य खोडा." मास्तर चुकतो हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वर्षभर दर रविवारी ते जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी गेले. वडिवळ्याला, तुंगार्लीला, कुठे कुठे चालत. भूगोलाची जुनी वही मागायचे आणि ते वाक्य स्वतःच्या हातानं खोडायचे. बहुतेकांच्या वह्या चुलीत किंवा वाण्याकडे गेलेल्या. मग ते माणसालाच समोर बसवून सांगायचे, "मी म्हणालो होतो ते खरं नव्हे." लोक हसायचे. कोणी म्हणालं, गुरुजींना लागलं डोक्यावर. लागलंच होतं, पण डोक्यावर नाही.

पुढे ते पुण्याहून नवी पुस्तकं आणून वाचायचे. दुधावरची साय सरकते आणि सुरकुतते, तसं पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांनी सरकतं, हिमालय ही त्यातलीच सुरकुती, हे त्यांनी आम्हाला शिकवलं. "मग कोयना का हादरली? कोणी म्हणतात धरणातल्या पाण्याचा भार, कोणी म्हणतात कातळातली जुनी भेग. मला ठाऊक नाही. पेन्सिलीनं लिहा." मी स्वतः तेवीस वर्षं शाळेत शिकवलं. 'मला ठाऊक नाही' हे वर्गात म्हणायला किती छाती लागते, ते मला तेव्हा कळलं.

भूकंपानंतर दीड वर्षानं दाजींनी नवं घर बांधलं आणि ताईला न्यायला आले. निघण्याआधी ताई बाळाला घेऊन गुरुजींकडे गेली. मी बरोबर होते. ताई म्हणाली, "गुरुजी, जाऊ का?" त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मला कशाला विचारतेस, बाई?" ताई म्हणाली, "तुमालाच इचारणार. कार्ड लिहून द्या. भिंत रिकामी हाय."

त्यांनी कार्ड घेतलं, शाईचं पेन बाजूला ठेवलं. मग पेन्सिलीनं लिहिलं आणि बाळाच्या हातात दिलं.

गुरुजी जाऊन आता खूप वर्षं झाली. कार्ड ताईच्या घरी दाराजवळच्या खिळ्याला आहे. पुसट होतं तसं ताई ते गिरवते, पेन्सिलीनंच. 'चि. सुमन, भांडी वाजली तर लेकराला घेऊन बाहेर पड. म्हातारं माणूस असेल तर त्याला आधी काढ. मला विचारत बसू नकोस.'