पोलादाचा कॉम्पेन्सेटर

ॲल्युमिनियमची पातेली होतात, पिस्तुलं नाही, असं माझं ठाम मत होतं. ते कुणी विचारलेलं नव्हतं.

आमचे अर्बाब, म्हणजे इथे आखातात बौशरच्या ज्या वर्कशॉपमध्ये मी लेथ चालवतो त्याचे मालक, नेमबाज आहेत. पन्नाशी उलटलेली, क्लबच्या संघात शिरायची तिसरी खेप. यंदा त्यांनी स्पर्धेसाठी खास पिस्तूल बांधून घ्यायचं ठरवलं. पिस्तूल क्लबच्याच ताब्यात असायचं आणि जोडणी तिथले हत्यारांचे उस्ताद करायचे. हे फौजेतून निवृत्त झालेले बलुची गृहस्थ. माझ्याकडे एकच काम होतं, कॉम्पेन्सेटर. नळीच्या तोंडाला बसवायचा हा ठोकळा. त्याला वरून भोकं असतात, त्यातून वायू वर सुटतो आणि पिस्तुलाचं तोंड उडत नाही.

उस्तादांच्या कागदावर ॲल्युमिनियम लिहिलं होतं. पण मी आयुष्यभर तेलाच्या विहिरींसाठी पाइपांचे जोड कातलेले. रॅकवर पोलादाचा सुरेख तुकडा पडला होता. म्हटलं, अर्बाबांच्या नातवालाही पुरेल असं करून देऊ. वर काळा रंग चढवला. आता धातू कुठला, ते हातात धरल्याशिवाय कळणार नव्हतं. उस्तादांनी हातात धरला आणि भुवई उचलली. मी म्हणालो, "मजबूत है."

"इन्शाल्ला," ते म्हणाले.

चाचणीला वेळ उरला नव्हता. थेट निवडीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पिस्तूल रेंजवर आलं. पाच फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत तिसऱ्याच गोळीला ते अडकलं. रिकामं काडतूस अर्ध्यावर दात दाखवत उभं.

अर्बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी झटकन म्हणालो, "गोली कमजोर है, अर्बाब."

गोळ्या बदलल्या. दुसऱ्या फेरीत चार वेळा अडकलं. उस्ताद मॅगझिन उघडून बसले, कारण दोष तिथेच असणार, असं मीच त्यांना सांगितलं होतं. मला मात्र कळून चुकलं होतं. नळीला मी पाइपाचा जोड लटकवला होता, आणि त्या ओझ्याने पिस्तुलाचा वरचा भाग रिकामं काडतूस बाहेर फेकण्याइतका मागे सरकतच नव्हता. तरी मॅगझिन पुसायला मी उस्तादांना माझा रुमाल दिला.

तिसरी फेरीही तशीच गेली, तेव्हा मी उस्तादांच्या कानाशी लागलो. "वो लोहा है."

"क्या लोहा है?"

"आगे वाला. सब लोहा."

त्यांनी मॅगझिन शांतपणे बंद केलं. "मिस्त्री, ये बात सुबह भी बोल सकता था." मग पंचांना विचारून त्यांनी आतली स्प्रिंग काढली, हलकी घातली. दहा मिनिटंही लागली नाहीत. उरलेल्या दोन्ही फेऱ्या पिस्तूल लोण्यासारखं चाललं. अर्बाब त्या दोन फेऱ्यांत सगळ्यांच्या पुढे होते. एकूण यादीत मात्र संघाच्या बाहेर, एका जागेने.

उस्तादांकडून सगळं कळलेल्या अर्बाबांनी परतताना गाडीत विचारलं.

"पहले क्यों नहीं बोला?"

"शरम आया, अर्बाब."

त्यांनी मान हलवली, गाडी डाव्या लेनमध्ये घेतली. "शरम तुम्हारा," ते म्हणाले, "लेकिन लिस्ट में नाम मेरा."

चिडले असते तर बरं झालं असतं. बौशरला उतरताना मी "शुक्रन" म्हणालो. बारा वर्षांत शिकलेल्या अरबीपैकी माफीचा शब्द सापडेना, आभाराचा तेवढा तोंडात आला.