शिलोहाचा बुरूज आणि किल्लारीची भिंत

बोर्डावर खालची जागा रिकामी दिसत होती म्हणून सत्यमने तिथे आकडा टाकला. गुन्हा म्हणाल तर एवढाच.

लातुरात तो फ्लेक्सच्या दुकानात बोर्ड बनवतो. पास्टर राजशेखरांनी किल्लारीच्या प्रार्थनासभेसाठी व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवला होता : ‘तीस सप्टेंबरचा भूकंप : पापाची शिक्षा.’ मंडळीच्या प्रत्येक बोर्डाखाली बायबलातल्या वचनाचा आकडा असतो, तो पाठवायचं ते विसरले. फोन उचलेनात. सत्यमने मोबाइलवरच्या बायबलात ‘पडून मेले’ असं शोधलं. पहिलंच आलं लूक, तेरा-चार. शिलोहाचा बुरूज पडला, खाली अठरा माणसं मेली. किल्लारीला अगदी मापाचं. पुढची ओळ वाचायला सत्यमसाहेबांना वेळ नव्हता. प्रिंट मारली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड किल्लारीत प्रार्थनाघराच्या दारात लागला आणि तिथूनच केवळाबाईचा, त्याच्या आत्याचा, फोन आला.

“सत्या, जे छापलास ते वाचलास का रे?”

“वाचलं की, आत्या.”

“खालची ओळ?”

“मशीन चालू आहे, आत्या.”

“बारावीपर्यंत कशाला शिकवलं तुला? कोंबड्या मोजायला? वाच आता. मोठ्यानं.”

मशीनजवळ उभं राहून, मालकासमोर, त्याने वाचलं. बुरुजाखाली मेले ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते काय, असं प्रभू स्वतः विचारतो. आणि स्वतःच सांगतो, नाही.

“आन तू त्याच्यावर पापाची शिक्षा म्हणून लिवलास.” फोन कट.

केवळाबाई वाचायला शिकली ती चाळिशी उलटल्यावर, ओळीखाली बोट धरून. प्रार्थनाघर झाडणं, सतरंज्या अंथरणं तिच्याकडे. त्र्याण्णव साली ती या मंडळीत नव्हती. आदल्या संध्याकाळी गणपती बोळवून घरचे सगळे झोपले होते. पहाटे दगडी भिंत तिच्या चार वर्षांच्या लेकीवर, शिवगंगेवर, पडली. सत्यमने ही बहीण कधी पाहिली नाही. पुढे वर्षानुवर्षं जो येई तो आत्याला कारण सांगून जाई. कुणी ग्रह काढला, कुणी देवाचा कोप, तर नणंदेने सरळ तिचा पायगुण काढला. पोरीचा दोष नव्हता असं सांगणारं पहिलं मिळालं ते हे पुस्तक, बायबल. म्हणून तिचा त्यावर जीव. आणि आता त्याच पुस्तकाचा आकडा लावून कुणीतरी दारात बोर्ड टांगला होता.

सभेला सत्यम आला, दाराशी चोरासारखा बसला. पास्टर रंगात आले होते. “प्रभूने मला दाखवलंय, या गावावर...”

“कुठं दाखवलं?” केवळाबाई उभी राहिली. उपदेश चालू असताना तिथे बाई कधी उभी राहिली नव्हती.

“आत्म्यात, मावशी.”

“पुस्तकात दाखवा.”

“हे बघा, माझं असं मत आहे...”

“मत व्हय? मतं मला लई मिळालीत, पास्टर. पोरगी गाडायच्या आधीच लोक देऊन गेले. तुमचं त्यातलंच. फकस्त इस्त्री केलेलं.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मंडळीतले ज्येष्ठ, ज्यांना तिथे ‘वडील’ म्हणतात ते व्यंकटराव दरडावले, “बाई, खाली बसा.”

“न्हाई बसत.”

पास्टरांनी घाईघाईने पान उघडलं. “मग पुढचंही वाचा. पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल.”

“वाचलंय. ते जित्यांना हाय. मला हाय, तुमाला बी हाय. मेलेल्या पोरीचं पाप त्यात कुठं लिवलंय? ठिवा बोट.”

पास्टरांचं बोट पानावर फिरलं, कुठेच टेकलं नाही. सत्यमला वाटलं उठावं, पण कुठल्या तोंडाने?

“बरं,” पास्टर म्हणाले, “पुढच्या रविवारी मी इथूनच सांगेन. ते माझं मत होतं.”

“आन शास्त्राचं न्हवतं.”

“...नव्हतं.”

“आत्ताच सांगा की.”

“सांगतो म्हणालो ना, मावशी! रविवारी.”

बोर्ड केवळाबाईने स्वतः उतरवला. दोऱ्या विळ्याने कापल्या. सत्यम मदतीला पुढे झाला तर म्हणाली, “लांब हो. हात न्हाई लावायचा.”

तेव्हापासून पाच रविवार झाले. पास्टरांनी नोहावर सांगितलं, धीरावर सांगितलं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवण्यावर तर दोनदा. केवळाबाई पुढच्या सतरंजीवर बसते. आशीर्वादाला हात वर झाले की सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, “पास्टर, तेवढं वाक्य ऱ्हायलं.”

“पुढच्या रविवारी, मावशी.”