मैना रोजची, नवीन आम्हीच

आमच्या बिल्डिंगच्या टाकीत पाणी कधी साचलं नाही, किस्से मात्र भरभरून वाहायचे! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. डोंबिवली पूर्वेला, भातशेतीच्या मधोमध आमची एकटी बिल्डिंग. शेत हिरामामांचं. त्यातला एक तुकडा त्यांनी बिल्डरला विकला, पण त्यांच्या म्हशीला, मैनाला, सांगायचं राहून गेलं.

पहिल्याच आठवड्यात मैना संध्याकाळी जिन्याखाली येऊन बसली. सेक्रेटरी साठेकाका कडाडले, "मामा, ही प्रायव्हेट जागा आहे!"

"तिला सांगा ना सायेब! ती रोजची हाय. नवीन तं तुमी आलाव."

*

पेरणीच्या आधी मामा नारळ घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात. शेताचा देव म्हणे आमच्या ओट्याखाली!

आई म्हणाली, "अहो, इथे गॅस आहे."

"ऱ्हाऊ दे ना बाय. देवाला गॅसचा काय तरास?"

त्या वर्षी आमचा सिलिंडर दिवाळीपर्यंत पुरला. शपथ! पुढच्या वर्षी आईच मामांना बोलवायला गेली.

*

शेवटी साठेकाकांनी लोखंडी गेट बसवलं. मैना बाहेर! दुसऱ्या दिवशी सकाळी गेटबाहेर पातेलं घेऊन पहिला नंबर कोणाचा? साठेकाकांचाच. अख्ख्या बिल्डिंगचं दूध मैनाचं होतं ना!

*

मग आलं काकांच्या सुनीताचं लग्न. मांडव आवारातच, गोरज मुहूर्त. दुपारी बघतो तर नळ कोरडा, टँकरचा पत्ता नाही आणि वऱ्हाड ठाण्याहून निघालेलं! काका डोकं धरून बसले. पाणी होतं फक्त मामांच्या विहिरीत, पण मागायला तोंड कुठे होतं?

आई गुपचूप विहिरीवर जाऊन आली. थोड्या वेळाने गेटवर हाक, "सायेब, गेट उघरा!"

मामा, मामी, सुना, पुतणे, सगळ्यांच्या डोक्यावर हंडे! खेपांवर खेपा. पिंपं काठोकाठ भरली. आचारी नाचायचा तेवढा बाकी होता.

काकांनी हात जोडले. "मामा, हे कसं फेडू?"

"फेराचा काय त्यात? पोरगी काय तुमची एकट्याची? गेट तेवरा उघरा ठेवा."

गेट उघडं राहिलं. संध्याकाळी बँड वाजवत वऱ्हाड आत आलं आणि त्यांच्या मागोमाग, आपल्या रोजच्या वेळेला, शिंगांना तेल लावलेली मैना! शांतपणे जाऊन पहिल्या रांगेत उभी.

नवऱ्या मुलाची आई दचकली. "अगंबाई! ही कोण?"

सगळ्यांच्या नजरा साठेकाकांवर. काकांनी टोपी नीट केली.

"घाबरू नका, विहीणबाई. मुलीकडची आहे!"