सुट्टी कोणी घ्यायची

दिल्लीत करोल बागेतल्या वृंदाला शेजारणी म्हणायच्या, "दोघांच्या नोकऱ्या, मजा आहे बाई तुमची!" मजा कसली डोंबलाची! ती केंद्र सरकारच्या खात्यात, नवरा विनायक मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात. कंपनीच्या बससाठी तो उजाडायच्या आत निघायचा आणि संध्याकाळी चेहरा पाडून परतायचा. सहा वर्षांची अहिल्या शाळेतून पाळणाघरात, पाळणाघरातून घरी. गाडा चालला होता. फक्त पोरगी आजारी पडता कामा नये.

पण पोर ते, पडायचंच. तिचं अंग तापलं की घर पेटायचं.

"तुझी सरकारी नोकरी. एक दिवस नाही गेलीस तर काय बिघडतं?"

"दर वेळी मीच का? तू बाप नाहीस का तिचा?"

शेवटी तापाचं औषध पाजून पोरीला शाळेत धाडायचं. वाईट नव्हती हो ती माणसं! दमलेली होती, आणि दमलेलं माणूस सगळ्यांत जवळच्यावरच खेकसतं.

पुढे अहिल्याची आजारपणं एकदम थांबली. वृंदा ऑफिसात सांगायची, "दृष्ट नको लागायला, पण हल्ली साधी कुरकुरसुद्धा नाही." हाका मारल्या तरी पोरगी ओ देईना, तेव्हा हिला वाटलं, हट्टी झाली. एकदा तर पाठीत धपाटाही घातला.

मग एका सकाळी उशीवर पू दिसला. त्या दिवशी दोघांनीही सुट्टी टाकली, एक शब्द न भांडता.

डॉक्टरांनी कान तपासला आणि चिडून विचारलं, "महीनों से बह रहा है, किसी ने देखा नहीं? इस कान से अब शायद ही सुन पाएगी."

"अगं, दुखतंय म्हणून सांगायचं नाहीस का?" वृंदाला रडू आवरेना.

"सांगितलं की तुम्ही झगडा करता ना," अहिल्या म्हणाली. "मी कानात रुई घालून झोपायचे."

विनायक भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लेकीला पोटाशी धरून वृंदा तिच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "नाही गं राणी, आता कध्धी नाही भांडणार."

अहिल्यानं मान वळवली आणि दुसरा कान पुढे केला.

"क्या, आई?"